ओझें उतरविण्याची जागा

तमिळ प्रांतांतील जुन्या वाटांवर कोठें कोठें एक साधी दगडी बांधणी आढळते. दोन उभे दगड आणि त्यांवर माणसाच्या खांद्याएवढ्या उंचीवर आडवी ठेवलेली एक शिळा. तिला ‘सुमैतांगी’, म्हणजे ओझें पेलणारी, असें म्हणतात. डोक्यावर जड भारा घेऊन चालणाऱ्या मनुष्यास तो एकट्यानें उतरवितां येत नाहीं, आणि कसाबसा उतरविला तरी पुन्हां उचलतां येत नाहीं; दुसऱ्याचा हात लागतो. हात देणारा कोणी नसला म्हणजे ही शिळा त्याचें काम करी. ह्यांतील पुष्कळ शिळा गरोदरपणीं मृत्यु पावलेल्या स्त्रियांच्या स्मरणार्थ त्यांच्या घरच्यांनीं उभारलेल्या आहेत. जिचें ओझें उतरण्यापूर्वींच ती गेली, तिच्या नांवानें वाटसरूंचें ओझें तरी उतरावें, अशी ही कल्पना आहे.

मनावरच्या ओझ्याचीही गोष्ट फारशी वेगळी नाहीं. ‘विसरून जा, सोडून द्या’ असा उपदेश दुःखी माणसास जो तो करतो. परंतु सोडावयाचें म्हणजे ठेवावयाचें कोठें, हें त्यास कोणी सांगत नाहीं. ज्या काळीं मनाचे वैद्य नव्हते त्या काळीं आपल्या लोकांनीं ह्यासाठीं कोणत्या जागा करून ठेविल्या होत्या, हें एका लहानशा मुलखापुरतें पाहण्याचा ह्या लेखाचा हेतु आहे. तो मुलूख म्हणजे जत.

सांगली जिल्ह्याच्या पूर्व टोकास, कर्नाटकाच्या सीमेला लागून जत तालुका पसरलेला आहे. डफळे घराण्याची ही जहागीर १९४८ सालीं मुंबई प्रांतांत विलीन झाली, पुढल्या वर्षीं दक्षिण सातारा जिल्ह्यांत आली आणि १९६० सालीं त्या जिल्ह्याचेंच नांव सांगली झालें. राज्यें बदललीं, पण पाऊस पूर्वींप्रमाणेंच बेभरंवशाचा राहिला. १८७६ ते १८७८ चा थोर दुष्काळ, त्यामागून १८९६-९७ व १८९९-१९०० चे दुष्काळ, १९१८ ची इन्फ्लुएंझाची सांथ आणि पुन्हां १९७२ चा दुष्काळ: दक्षिणेच्या ह्या कोरड्या पट्ट्यानें हे सारे आघात सोसले आहेत. मराठी व कानडी ह्या दोन्ही भाषा बोलणाऱ्या येथील माणसांना दुःखाची वाण कधीं पडली नाहीं. तेव्हां त्यांनीं तें कसें वागविलें हें पाहणें बोधप्रद होईल.

पहिली जागा घरांतच होती. ती म्हणजे जातें. महाराष्ट्रांत सर्वत्र, तशी येथेंही, पहांटे घर निजलेलें असतां स्त्रिया दळावयास बसत आणि खुंट्याला हात लागला कीं ओवी सुरू होई. सासरचा जाच, माहेरची ओढ, गेलेलें मूल, परमुलखीं गेलेला भाऊ. जें दिवसा कोणापुढें उच्चारण्याची सोय नव्हती तें जात्यापुढें बोललें जाई. साने गुरुजींनीं १९४० च्या सुमारास ‘स्त्रीजीवन’ ह्या ग्रंथांत अशा ओव्या एकत्र केल्या. पुढें विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हेमा राईरकर व गी पॉइटवाँ ह्यांनीं गांवोगांवच्या स्त्रियांकडून मिळविलेल्या ओव्यांची संख्या एक लाखाहून अधिक भरली. ह्या संख्येवरूनच ही रीत किती खोल रुजली होती तें कळून येतें.

तिच्यांतील तीन गोष्टी लक्षांत घेण्यासारख्या आहेत. वेळ ठरलेली असे. हात कामांत गुंतलेले असत. आणि दळण संपलें कीं ओवीही संपे. दुःखाला बोलावयास मिळे, परंतु सारा दिवस त्याच्या स्वाधीन केला जात नसे. शिवाय जात्यावर बहुधा दोघीजणी बसत. एकीनें ओवी म्हणावी व दुसरीनें ती उचलावी. कोणी सांत्वनाचे चार शब्द बोलत नसे, पण भार दोघींच्या हातांत वांटला जाई. पुढें पिठाची गिरणी आली. तिनें स्त्रियांच्या पाठीचे श्रम वांचविले, ह्याबद्दल तिचे उपकारच मानिले पाहिजेत; परंतु त्या श्रमांबरोबर ती पहांटेची घटकाही गेली, आणि तिच्या जागीं दुसरें कांहीं आलें नाहीं.

दुसरी जागा जत्रेची. जत तालुक्यांतील गुड्डापूर येथें दानम्मादेवीचें मोठें देवस्थान आहे. बाराव्या शतकांत, बसवेश्वरांच्या काळीं, ह्याच तालुक्यांतील उमराणी गांवीं ती जन्मली व दानधर्मामुळें दानम्मा म्हणून प्रसिद्धीस आली, अशी परंपरा सांगते. कर्नाटकांतून व महाराष्ट्रांतून भाविक येथें पायीं चालत येतात. घरांत दुखणें आलें, मूल झालें नाहीं, पीक बुडालें, म्हणजे मनुष्य नवस बोले. नवसाच्या फलश्रुतीविषयीं वाचकांचें मत कांहींही असो. परंतु नवस बोलणाऱ्यानें आपली चिंता एका तिथीवर नेऊन ठेविलेली असे, आणि ती तिथि येईपर्यंत त्यास आपलें नित्याचें काम करण्यास मोकळीक मिळे. मागाहून तो शेंकडों लोकांबरोबर चालूं लागला म्हणजे, प्रत्येकजण कांहीं ना कांहीं घेऊन चालला आहे, हें त्यास न सांगतां समजे.

परंतु ह्याच ठिकाणीं एक कठोर सत्यही सांगितलें पाहिजे. ह्याच सीमाप्रदेशांत यल्लम्मेच्या नांवानें मुली सोडण्याची चाल होती. घरावरील संकट टळावें म्हणून आईबाप आपली अजाण मुलगी देवीला वाहत, आणि त्यांच्या भीतीचें ओझें ती जन्मभर वाही. ही चाल बंद करण्यासाठीं मुंबई प्रांतांत १९३४ सालीं कायदा झाला, आणि पुढें कर्नाटक व महाराष्ट्र ह्या राज्यांनीं आणखी कायदे केले. आपलें ओझें दुसऱ्याच्या, त्यांतही दुबळ्याच्या, डोक्यावर देणें म्हणजे तें उतरविणें नव्हे. आजच्या सुशिक्षित घरांतही बापाचा राग मुलांवर किंवा सासूचें जुनें दुःख सुनेवर निघतें, तेव्हां निराळें काय घडत असतें?

तिसरी जागा उमदीची. जत तालुक्याच्या ह्या गांवीं भाऊसाहेब महाराज उमदीकर (१८४३-१९१४) होऊन गेले. निंबर्गी येथील महाराजांचे ते शिष्य, आणि इंचगेरी संप्रदाय त्यांच्यापासून वाढला. ह्या संप्रदायाचा भर चमत्कारावर नसून नेमावर आहे: रोज ठरलेल्या वेळीं बसावें, नाम घ्यावें, दासबोध वाचावा, भजन करावें. मन प्रसन्न असो वा उदास, बसण्याची वेळ चुकवूं नये. शेजारच्या जमखंडीस १८८६ सालीं जन्मलेले रामचंद्र दत्तात्रेय रानडे ह्यांनीं विद्यार्थिदशेंत, १९०१ सालीं, भाऊसाहेबांकडून नाम घेतलें. ह्या बुद्धिमान मनुष्यास तरुणपणींच जीवघेणें दुखणें सोसावें लागलें, आणि अगदीं जवळच्या माणसांचे मृत्यु पाहावे लागले. तरीही १९२६ सालीं उपनिषदांवरील आणि १९३३ सालीं महाराष्ट्रांतील संतांवरील त्यांचे प्रसिद्ध इंग्रजी ग्रंथ निघाले. अलाहाबाद विद्यापीठांत त्यांनीं दीर्घकाळ तत्त्वज्ञान शिकविलें. आणि १९५७ सालीं निंबाळ येथें देह ठेवीपर्यंत उमदीचा नेम सोडला नाहीं. दुःख नाहींसें झाल्यावर ते नेमास बसले असें नव्हे. दुःख असतांनाच ते बसत राहिले. ह्या मार्गाचें मर्म आमच्या मतें येथेंच आहे.

ही केवळ श्रद्धेची गोष्ट आहे असें कोणी म्हणेल, तर त्यानें अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञांचे प्रयोग पाहावे. १९८३ सालीं बोर्कोव्हेक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं चिंतातुर माणसांना एक साधा उपाय सांगितला: रोज एकाच वेळीं व एकाच जागीं अर्धा तास काळजी करावयाची, आणि एरव्हीं काळजी मनांत आली तर तिला त्या अर्ध्या तासावर ढकलावयाचें. असें करणाऱ्यांची काळजी कमी झाली. १९८६ सालीं पेनेबेकर व बील ह्यांनीं विद्यार्थ्यांस चार दिवस, रोज पंधरा मिनिटें, आयुष्यांतील मोठ्या आघाताविषयीं लिहावयास लाविलें. लिहिल्यानंतर कांहीं वेळ त्यांस अधिकच उदास वाटलें. परंतु ज्यांनीं घडलेली गोष्ट आणि त्या वेळची भावना हीं दोन्हीं लिहिलीं, त्यांना पुढल्या महिन्यांत वैद्याकडे जाण्याची गरज कमी पडली. उलट, अपघातानंतर माणसास एकदांच बसवून त्याच्याकडून सारें वदवून घेतल्यानें लाभ होत नाहीं, असें २००२ सालीं अनेक प्रयोगांच्या एकत्रित परीक्षणांत आढळलें. एकदां भडाभडा बोलून टाकणें आणि रोज थोडें थोडें उतरवीत जाणें ह्यांत अंतर आहे. जात्यावरच्या बाईला तें अंतर अनुभवानें माहीत होतें.

ह्यावरून आजच्या कुटुंबांनीं काय घ्यावें? जातें परत येणार नाहीं, आणि प्रत्येकास उमदीची वाट रुचेल असेंही नाहीं. परंतु त्यांची मांडणी कोणालाही घेतां येईल. दिवसांतील एक वेळ ठरवावी. त्या वेळीं हातांस कांहीं काम द्यावें: भाजी निवडावी, सूत कातावें, वहींत लिहावें किंवा चालावयास जावें. शक्य तर एक माणूस जवळ असावा, जो उपदेश न करतां ऐकेल. आणि घटका भरली म्हणजे उठावें. दुःख शिल्लक राहिलें तर राहूं द्यावें. उद्यां पुन्हां बसावयाचें आहे. झोंप व अन्न सुटण्यापर्यंत, किंवा जीव नकोसा वाटण्यापर्यंत पाळी आली, तर मात्र घटकांवर विसंबून न राहतां वैद्याकडे जावें. त्यांत लाज कसली?

शेवटीं एक भेद विसरतां कामा नये. ओव्या गाऊन सुनेचा जाच संपला नाहीं. तो सोसण्याचें बळ तेवढें तिला मिळालें. जें ओझें काळानें दिलें, मृत्यूनें दिलें, दुष्काळानें दिलें, तें उतरवून ठेवण्यास जागा हवी. परंतु जें एक माणूस रोज उठून दुसऱ्याच्या डोक्यावर देतो, त्यास जागा शोधीत बसूं नये. देणाऱ्याचा हात धरावा. आपल्या घरांतील कोणाचें ओझें कोणत्या जातीचें आहे, हें पाहण्याचें काम घरांतील वडील माणसांचें आहे. आणि तें पाहतांना आपला स्वतःचा हात कोठें आहे, हें त्यांनीं आधीं पाहावें.