बिनखर्चाचा दिवस: नियम कसे ठरवायचे आणि पैसे खरंच वाचतात का?

बिनखर्चाचा दिवस म्हणजे ज्या दिवशी ठरवून एकही टाळता येण्याजोगा खर्च करायचा नाही, असा दिवस. सोशल मीडियावर तो ‘नो स्पेंड डे’ या नावाने फिरतो. कॅलेंडरवर हिरव्या फुल्या, ‘आज शून्य रुपये’ असे स्टेटस आणि महिन्याच्या शेवटी वाचलेल्या रकमेचा स्क्रीनशॉट, असं त्याचं साधारण रूप. पाहायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात बहुतेकांचा हा नेम दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच मोडतो. कारण बहुधा एकच असतं: खर्च कशाला म्हणायचं, हे आधी ठरलेलंच नसतं.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पाथर्डीसारख्या तालुक्यात हा प्रश्न आणखी अवघड होतो. बीड जिल्ह्याच्या सीमेला लागून असलेला हा भाग अवर्षणप्रवण आहे. इथली बरीच कुटुंबं दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला बाहेर पडतात, बाकीच्यांची मदार कापूस, तूर, बाजरी, दूध आणि मजुरीवर. दर महिन्याच्या एक तारखेला पगार जमा होणाऱ्या घरासाठी लिहिलेले सल्ले अशा ठिकाणी जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

कल्पना नवी आहे का?

नाव नवं आहे, गोष्ट जुनी आहे. पाथर्डी, तिसगाव यांसारख्या बाजाराच्या गावांत आठवडे बाजार भरतो. वाड्यावस्त्यांवरची माणसं त्या दिवशी येऊन भाजी, मीठमिरची, तेल, साबण असं आठवड्याचं सगळं घेऊन जात. पुढच्या बाजारापर्यंत हातात पैसा असला तरी तो खर्च करायला जागा फारशी नव्हती. म्हणजे आठवड्यातला एक दिवस खर्चाचा आणि उरलेले सहा आपोआप बिनखर्चाचे. कुणी त्याला बचत म्हटलं नाही, एवढंच.

ही घडी दोन गोष्टींनी विस्कटली. रस्त्याला लागून टपऱ्या, बेकऱ्या, मोबाईल रिचार्जची दुकानं झाली. आणि २०१६ मध्ये यूपीआय सुरू झाल्यावर काही वर्षांतच चहाच्या गाड्यावरही क्यूआर कोड लागला. खिशात सुट्टे नाहीत ही अडचण कितीतरी किरकोळ खर्च अडवून धरत होती, ती संपली. आज बिनखर्चाचा दिवस पाळणं म्हणजे एका अर्थाने आठवडे बाजाराची ती शिस्त स्वतःवर पुन्हा लादून घेणं.

जगातही याचे वेगवेगळे अवतार आहेत. कॅनडात १९९२ मध्ये ‘बाय नथिंग डे’ म्हणजे ‘काहीही न विकत घेण्याचा दिवस’ सुरू झाला. तो वर्षातून एकदाच येतो आणि त्यामागे बचतीपेक्षा चंगळवादाचा निषेध अधिक आहे. जपानमध्ये हानी मोतोको या पत्रकार महिलेने १९०४ मध्ये ‘काकेइबो’ ही घरखर्चाची वही लोकांपुढे आणली. रोजच्या उपयोगाला ही वही जास्त जवळची.

सगळ्यात आधी: खर्च कशाला म्हणायचं?

‘आज काहीच खर्च नाही’ हा नियम फसवा आहे. दिवसभर वीज जळते, दूधवाला दूध घालून जातो, मुलगी एसटीने कॉलेजला जाते. हे सगळे खर्चच आहेत. म्हणून सुरुवातीलाच घरखर्चाचे तीन भाग करावेत.

पहिला भाग बांधील खर्चाचा: भाडं, वीजबिल, दुधाचा महिना, शाळेची फी, प्रवासाचा पास, कर्जाचा हप्ता, औषधं. बिनखर्चाच्या दिवशी यांतलं काही द्यावं लागलं तर दिवस मोडत नाही. उन्हाळ्यात विहिरी आटल्यावर पाण्याचा जार किंवा टँकर याच भागात धरायचा. पुण्याच्या सोसायटीतल्या माणसाच्या यादीत तो नसेल, पाथर्डीतल्याच्या यादीत हवाच.

दुसरा भाग लागणाऱ्या पण थांबू शकणाऱ्या वस्तूंचा: किराणा, भाजी, साबण, वही-पेन. हे बिनखर्चाच्या दिवशी आणायचं नाही, बाजाराच्या दिवशी यादी करून आणायचं. तिसरा भाग म्हणजे खरं लक्ष्य: बाहेरचा चहा-वडापाव, थंड पेय, गुटखा-तंबाखू, ऑनलाइन सेल, गेममधली खरेदी, कंटाळा आला म्हणून गाडीवर मारलेली चक्कर आणि त्यात गेलेलं पेट्रोल.

हे भाग डोक्यात ठेवून चालत नाही. कागदावर लिहून फ्रिजवर किंवा देवघराशेजारी चिकटवलेले बरे. नाहीतर संध्याकाळी भूक लागली की वडापाव आपोआप पहिल्या भागात जाऊन बसतो.

मग पळवाटा बंद करायच्या

सगळ्यात मोठी पळवाट उधारीची. खिशातून पैसे गेले नाहीत, पण दुकानदाराच्या वहीत नावावर पन्नास रुपये चढले, तर तो दिवस बिनखर्चाचा नाही. क्रेडिट कार्ड आणि ‘आता घ्या, नंतर पैसे द्या’ या सोयी म्हणजे त्याच वहीच्या मोबाईलमधल्या आवृत्त्या. त्यांनाही तोच न्याय.

दुसरी पळवाट आदल्या दिवशीची. उद्या काही घ्यायचं नाही म्हणून आज दोन बिस्किटचे पुडे जास्त घेतले, किंवा परवा दुप्पट खरेदी केली, तर हिशेब तिथल्या तिथेच. त्यामुळे यश मोजायचं ते हिरव्या फुल्यांवर नाही, महिन्याच्या एकूण तिसऱ्या भागावर. फुल्या वाढल्या आणि एकूण खर्च तेवढाच राहिला, तर नुसती कॅलेंडरची सजावट झाली.

तिसरी पळवाट मित्राच्या खिशाची. रोज दुसऱ्याच्या पैशाने चहा पिऊन आपली फुली टिकवणारा माणूस लवकरच कट्ट्यावर नकोसा होतो. त्याऐवजी ‘आज माझा नेम आहे’ असं सरळ सांगावं. एकादशी, चतुर्थी, चातुर्मासातले नेम हे आपल्याकडे सगळ्यांना कळतं. उपास असलेल्या माणसाला कुणी खाण्याचा आग्रह करत नाही. खर्चाच्या उपासालाही तेवढा मान मिळू शकतो.

अपवादही आधीच लिहून ठेवायचे. आजारपण, मयत, अचानक आलेले पाहुणे, मुलांची शाळेतली तातडीची गरज: यांसाठी दिवस सोडून द्यायचा, खंत करायची नाही. वर्गणी आणि आहेर यांना मात्र अपवादात घालू नये. ते अचानक येत नाहीत. गणपती कधी बसणार आणि लग्नसराई कधी सुरू होणार हे सगळ्यांना ठाऊक असतं, त्यांची तरतूद महिन्याच्या हिशेबात हवी. तसंच यात्रांचं. मढीला कानिफनाथांची यात्रा होळीपासून पाडव्यापर्यंत चालते, मोहटादेवीला नवरात्रात गर्दी लोटते. त्या दिवसांत बिनखर्चाचा हट्ट धरून घरात भांडणं लावण्यापेक्षा यात्रेची रक्कम आधीच वेगळी काढावी आणि ती संपली की थांबावं.

नियम कसा टिकतो, हे जवळच दिसतं

याच जिल्ह्यातल्या, नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारचं उदाहरण पैशाचं नाही, पाण्याचं आहे. पण नियम कसा बांधावा हे त्यातून नेमकं कळतं. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली १९९० च्या दशकात गाव उभं राहिलं, तेव्हा कुऱ्हाडबंदी, चराईबंदी अशा बंद्या गावाने स्वतःवर घालून घेतल्या. शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही, ऊस आणि केळीसारखी पाणी पिणारी पिकं घ्यायची नाहीत, हेही ठरलं. आणि दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडायचा: किती आलं, पिण्याला किती ठेवायचं, उरलेल्यात कोणती पिकं बसतात.

यातल्या तीन गोष्टी घरखर्चाला जशाच्या तशा लागू पडतात. ‘पाणी जपून वापरा’ असा मोघम उपदेश केला नाही, नेमकं काय करायचं नाही ते सांगितलं. पिण्याचं पाणी आधी बाजूला काढलं, उरलेलं नंतर वाटलं. आणि हिशेब सगळ्यांसमोर झाला. घरातही ‘खर्च कमी करू’ यापेक्षा ‘सोमवार ते गुरुवार बाहेरचं खाणं नाही’ हा नियम टिकण्याची शक्यता जास्त.

सवय किती दिवसांत लागते? लंडनमधल्या संशोधक फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात सरासरी ६६ दिवस निघाले, पण माणसागणिक हा आकडा १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलत होता. त्याच अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यावर फारसा परिणाम होत नाही असंही दिसलं. म्हणून सुरुवात आठवड्यातून दोन दिवसांनी करावी. महिनाभर काहीच खर्च न करण्याचं आव्हान व्हिडिओसाठी चांगलं.

मोबाईलचं काय करायचं?

अमेरिकेतल्या एमआयटीमधले ड्रॅझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना सामन्याच्या तिकिटांसाठी बोली लावायला सांगितलं होतं. क्रेडिट कार्डाने पैसे देणाऱ्यांची बोली रोख देणाऱ्यांपेक्षा खूप जास्त, काही वेळा दुपटीइतकी निघाली. यूपीआय म्हणजे क्रेडिट कार्ड नव्हे, त्यात पैसे लगेच वजा होतात. पण नोट हातातून जाताना जी टोच लागते, ती स्कॅन करताना कमी लागते हे कुणीही स्वतःवर तपासून पाहू शकतो.

म्हणून आठवड्याचे किरकोळ खर्चाचे पैसे रोख काढून पाकिटात ठेवणं, खरेदीच्या ॲपची नोटिफिकेशन बंद करणं आणि त्यांत साठवलेलं कार्ड काढून टाकणं हे साधे उपाय कामाला येतात. ऑटोपेही तपासावं. आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेची सूचना कापण्याच्या किमान २४ तास आधी यायला हवी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो मेसेज न वाचता पुसला, तर न पाहिलेल्या ओटीटीचे पैसे वर्षभर जात राहतात.

किती वाचतात आणि ते कुठे जावेत?

समजा एखाद्याचा तिसऱ्या भागातला खर्च रोज ६० रुपये आहे. महिन्यात १२ दिवस त्याने तो खरोखर टाळला आणि दुसऱ्या दिवशी भरून काढला नाही, तर महिन्याला ७२० आणि वर्षाला ८,६४० रुपये होतात. श्रीमंत करणारी रक्कम ही नाही. पण याच माणसाने २०,००० रुपये शेकडा ३ रुपये महिन्याने घेतले असतील, तर त्याचं नुसतं व्याज महिन्याला ६०० रुपये होतं. आजवर व्याजही पुरं फिटत नसेल तर आता ते फिटेल आणि मुद्दलातूनही १२० रुपये कमी होतील.

इथे एक चूक बरेच जण करतात. अंगावर असं कर्ज असताना वाचलेले पैसे आवर्त ठेवीत टाकतात. शेकडा ३ महिना म्हणजे वर्षाला ३६ टक्के. पोस्टाची ठेव त्याच्या जवळपासही व्याज देत नाही. आधी महाग कर्ज, मग ठेव. कर्ज नसेल तर पोस्टाची पाच वर्षांची आवर्त ठेव महिना १०० रुपयांपासून उघडता येते, बचत गट असेल तर तिथे. मात्र वाचलेली रक्कम त्याच संध्याकाळी वेगळी काढली पाहिजे. खात्यात तशीच राहिली तर रविवारी ती दिसते आणि जाते.

एकरकमी पैसा येणाऱ्या घरांसाठी

ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला, म्हणजे एका कोयत्याला, मुकादमाकडून हंगामाआधी उचल मिळते. ती बऱ्याचदा आधीच्या देण्यात, लग्नात, दवाखान्यात किंवा घराच्या कामात जाते आणि मग पुढचे काही महिने ऊस तोडून ती फेडावी लागते. फडावर रोजच्या बाजाराला मुकादमाकडची खर्ची आणि वाढे विकून आलेले पैसे असतात. अशा घराला ‘रोजचा चहा सोडा’ हा सल्ला जवळजवळ निरुपयोगी आहे. तिथे गळती रोजच्या दहा रुपयांची नसते, मोठी रक्कम हातात आल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांची असते.

म्हणून नियमही उलटा हवा: उचल किंवा कापसाचे पैसे आले की पहिले सात दिवस बांधील देणी सोडून काहीही मोठं घ्यायचं नाही. मोबाईल, गाडीचं डाऊन पेमेंट, कुणाला उसने देणं, सगळं आठव्या दिवशी. तोवर दोघांनी मिळून कागदावर वाटणी करायची: मुलांच्या वसतिगृहाचा किंवा आजीकडच्या खर्चाचा हिस्सा, दवाखान्याचा हिस्सा, परत आल्यावर पेरणीला लागणारं बियाणं. उचलीतला जो रुपया आज वाया जातो तो पुढे उसात वाकून फेडावा लागतो, त्यामुळे इथला एक बिनखर्चाचा आठवडा शहरातल्या महिनाभराच्या फुल्यांपेक्षा मोलाचा ठरू शकतो.

कुणी हा नेम करू नये?

ज्या घरात जेवणाचीच ओढाताण आहे, तिथे बिनखर्चाचा दिवस हे आव्हान नसतं, ती उपासमार असते. औषध पुढे ढकलणं, गरोदर बाईचं किंवा लहान मुलाचं दूध-अंडी बंद करणं, याला बचत म्हणता येणार नाही. अशा ठिकाणी प्रश्न उत्पन्नाचा आहे. रेशन, रोजगार हमी, निराधारांसाठीच्या योजना यांची चौकशी करण्यात घालवलेला दिवस जास्त फायद्याचा.

आणखी एक गोष्ट क्वचितच बोलली जाते. पुरुष बाहेरचं खाणं सोडतात, तेव्हा दुपारचा डबा, संध्याकाळचं खाणं हे सगळं घरातल्या बाईच्या अंगावर येतं. पैसे वाचतात, कष्ट तिचे वाढतात. म्हणून नियम ठरवताना त्या दिवशी कोण काय करणार हेही लिहावं. आणि वाचलेल्या ७२० रुपयांतले काही तिच्या नावावरच्या खात्यात किंवा तिच्या बचत गटाच्या हप्त्यात जावेत. महिनाअखेरीला वही उघडून बसताना ती समोर असेल, तर पुढच्या महिन्याचे दिवस कोणते हे बहुधा तीच अचूक सांगते, कारण डब्यात पीठ किती उरलंय हे तिला माहीत असतं.