मसीनाचा आळ
१९२८ साली दार फळणीचा सण, म्हणजे योम किप्पूर, अगदी तोंडावर आला होता. २२ सप्टेंबरला न्यूयॉर्क राज्यातल्या मसीना गावात चार वर्षांची मुलगी हरवली. यहुद्यांनी सणासाठी तिचा बळी दिला, अशी अफवा उठली. पोलिसांनी रब्बी बेरेल ब्रेनग्लास यांना बोलावून तेच विचारले. दुसऱ्या दिवशी मुलगी रानात सुखरूप सापडली. तरी काही जण म्हणाले, भीतीपोटी यहुद्यांनीच तिला सोडले! पुढे महापौर हॉज यांनी माफी मागितली.

कोकणात आम्हा बेने इस्राएलांना शेजाऱ्यांनी 'शनवार तेली' म्हटले, असा आळ घातला नाही. म्हणूनच ही हकिकत आम्ही मुलांना सांगतो. पोलीसच अफवेच्या मागे गेले, तर निरपराधाने दाद कोणाकडे मागायची?