तलवार आणि स्वरलिपी

अवधच्या राजकारणात मराठे उतरले ते तलवारीच्या बळावर. बंगश पठाणांनी जेरीस आणलेल्या नबाब सफदरजंगाने १७५१ साली मल्हारराव होळकर व जयाप्पा शिंदे यांना पाचारण केले, आणि मराठी फौजांनी पठाणांचा पाडाव केला. परंतु हे सख्य मोल देऊन घेतलेले होते. दहाच वर्षांनी, पानिपताच्या रणांगणावर, सफदरजंगाचा पुत्र शुजाउद्दौला अब्दालीच्या बाजूस उभा होता.

पुढे १९२६ साली लखनौत मॅरिस संगीत महाविद्यालय निघाले, ते राय उमानाथ बली आदी स्थानिक रसिकांच्या साहाय्याने व पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रेरणेने. मुंबईच्या या एकेकाळच्या वकिलाने रामपूरसारख्या ठिकाणच्या उस्तादांकडून चिजा मिळविल्या, त्या स्वरलिपीत बांधल्या आणि क्रमिक पुस्तकांच्या रूपाने सर्वांस खुल्या केल्या. श्रीकृष्ण रातंजनकरांनी प्राचार्य म्हणून ती परंपरा दीर्घकाळ सांभाळली. त्या संस्थेचे आज विद्यापीठ झाले असून ते भातखंड्यांचेच नाव धारण करते.

फौजेने उत्तरेकडून द्रव्य घेतले. पंडितजींनी उत्तरेचेच धन घेऊन, सुव्यवस्थित करून, तिला परत दिले. लखनौत मराठी नाव टिकले ते या परतफेडीमुळे.