दुखण्याचे सोंग

सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. त्या 'सगळ्या' सोंगांत दुखण्याचे सोंग सर्वांत स्वस्त. त्याला ना वेश लागतो, ना रंग. फातोर्ड्याच्या स्टेडियमवर सामने पाहिलेल्या गोमंतकीयाला हे सांगायला नको. एका गोलची आघाडी, शेवटची दहा मिनिटे, समोरचा संघ लाटेमागून लाट यावी तसा चाल करून येतोय आणि नेमका तेव्हा आघाडीवरच्या संघाचा एखादा गडी पोटरी धरून आडवा होतो. खेळ थांबतो. पाणी येते, स्प्रे येतो, गॅलरीतून शिव्याही येतात. दोन मिनिटांनी तोच गडी हरणासारखा पळत असतो!

पंच वाया गेलेली मिनिटे शेवटी जोडून देतात हे खरे. पण सोंग घेणाऱ्याला मिनिटे नकोच असतात. त्याला समोरच्याची लय मोडायची असते. घड्याळातला वेळ परत देता येतो, मोडलेली लय परत देता येत नाही. सगळी मेख इथे आहे.

या युक्तीचा गाजलेला इतिहास अमेरिकेतला आहे. तिथल्या फुटबॉलमध्ये चेंडू हातात घेऊन पळतात आणि प्रत्येक डावानंतर खेळाडू घोळका करून पुढची चाल ठरवतात. सिनसिनाटी बेंगल्सचे प्रशिक्षक सॅम वाइश यांनी १९८८ च्या मोसमात हा घोळकाच टाळायला सुरुवात केली. घोळका नाही म्हणजे उसंत नाही, उसंत नाही म्हणजे बचाव करणाऱ्यांना दमलेला गडी बदलायलाही सवड नाही. ३१ डिसेंबर १९८८ रोजी सिएटलविरुद्धच्या सामन्यात यावर उतारा निघाला. सिएटलच्या बचावफळीतले गडी दुखापत झाल्यासारखे मैदानावर पडू लागले. तरीही बेंगल्स २१-१३ असे जिंकले.

पुढची गंमत ऐका. आठवड्याने गाठ होती बफेलोशी. बफेलोचे प्रशिक्षक मार्व लेव्ही यांनी, आमचेही गडी असे पडू शकतील, असे सुचवून ठेवले होते. लीगच्या अधिकाऱ्यांनी सामन्याच्या तोंडावर निरोप धाडला तो वाइश यांना: घोळका न करता घाईने चेंडू खेळलात तर दंड होईल! पडणारे राहिले बाजूला, पळणाऱ्यालाच तंबी मिळाली. पुढे याच लेव्हींनी बफेलोला घोळक्याविना खेळायला शिकवले आणि त्यांचा संघ सलग चार वर्षे अंतिम सामन्यापर्यंत पोचला. चारही वेळा हरला, ती गोष्ट वेगळी.

हे झाले परदेशातले. आपल्या घरचे उदाहरण फार जुने नाही. २९ जून २०२४, बार्बाडोस, टी-२० विश्वचषकाचा अंतिम सामना. दक्षिण आफ्रिकेला ३० चेंडूंत ३० धावा हव्या होत्या आणि क्लासेन तुटून पडला होता. सतरावे षटक सुरू होण्यापूर्वी ऋषभ पंत गुडघ्याला पट्टी बांधून घ्यायला बसला. खेळ थांबला. त्यानंतर हार्दिक पंड्याच्या पहिल्याच चेंडूवर क्लासेन बाद झाला आणि भारत ७ धावांनी जिंकला. काही महिन्यांनी कर्णधार रोहित शर्माने एका कार्यक्रमात सांगितले की पंतने डोके चालवून खेळाचा वेग तोडला. विजयाचे ते एकमेव कारण नसले तरी एक कारण असू शकेल. पंतनेही नंतर नाटकाची कबुली दिली. लक्षात घ्या, हा गुडघा २०२२ च्या अपघातानंतर शस्त्रक्रियेतून गेलेला. म्हणूनच तर कोणाला शंका घेता आली नाही. खऱ्या जखमेच्या पुण्याईवर खोटे दुखणे खपून गेले.

माझे साडू आदिलाबादला असतात. पैनगंगेपलीकडचा तो जिल्हा आज तेलंगणात असला तरी तिथे मराठी घरे पुष्कळ. फोनवर हा विषय निघाला तेव्हा ते उसळून म्हणाले, "अहो, आग्र्याला महाराजांनी आजारपणाचे सोंग घेतले नव्हते काय? मग पंतने काय पाप केले?"

प्रश्न बिनतोड वाटतो. १६६६ साली औरंगजेबाच्या पहाऱ्यात अडकलेल्या शिवाजीमहाराजांनी दुखण्याचे निमित्त केले, मिठाईचे पेटारे बाहेर जाऊ लागले, पहारा सैलावला आणि ऑगस्टमध्ये महाराज निसटले. पण तिथे मामला जिवाचा होता आणि फसवायचे होते ते कैदेत टाकणाऱ्याला. मैदानात फसतो तो पंच, आणि तोही त्याच्या माणुसकीमुळे. फुटबॉलचा नियम साधा आहे. दुखापत किरकोळ वाटली तर खेळ चालू द्या, गंभीर वाटली तर ताबडतोब थांबवा. हे 'वाटणे' पंचाने एका नजरेत ठरवायचे असते. सोंगाड्या त्या नजरेवरचा विश्वास खर्चून टाकतो.

तो विश्वास कशासाठी राखायचा, हे गोव्याला कोणी शिकवायला नको. ५ डिसेंबर २००४, बंगळूरचे कांतीरवा स्टेडियम, फेडरेशन कपची अंतिम लढत, धेंपो विरुद्ध मोहन बागान. धेंपोच्या क्रिस्तियानो ज्युनियरने आपला दुसरा गोल केला आणि त्याच क्षणी गोलरक्षकाशी त्याची धडक झाली. तो पडला तो उठलाच नाही. अवघा २५ वर्षांचा ब्राझिलियन पोर. धेंपोने कप जिंकला आणि त्याची १० नंबरची जर्सी कायमची निवृत्त केली. पुढे १२ जून २०२१ रोजी कोपनहेगनमध्ये डेन्मार्कचा एरिक्सन कोणाचा धक्का न लागता कोसळला. पंचाने क्षणाचाही विचार न करता खेळ थांबवला, डॉक्टर धावले, एरिक्सन वाचला. त्या पंचाने 'हा नाटक करत असेल' असे म्हणून पाच सेकंद वाट पाहिली असती तर?

म्हणून पंचांनी अधिक संशयी व्हावे, ही सूचना मला घातक वाटते. दहा सोंगाड्यांनी फसवले तरी चालेल, अकराव्याला शिटी वाजलीच पाहिजे. उपाय दुसरीकडे शोधावा. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलने २०२५ पासून तो शोधला आहे. पुढच्या डावासाठी चेंडू मांडून झाल्यावर कोणी पडला आणि वैद्यकीय पथक आत आले, तर त्या संघाचा एक टाइमआउट जातो. टाइमआउट उरला नसेल तर पाच यार्डांचा दंड. दुखणे खरे की खोटे, हे कोणी विचारतच नाही. यात खऱ्या जखमी खेळाडूच्या संघालाही भुर्दंड पडतो, हे कबूल. पण त्याला उपचार मिळतात, तेही लगेच.

आमच्या साडूंना हे पटलेले नाही. "विश्वचषक तर आला ना घरी?" एवढेच ते म्हणतात. आला, आणि त्या रात्री मीही नाचलो. पण पुढच्या वेळी पंतचा तोच गुडघा खरोखर दुखेल, तेव्हा समोरचा कर्णधार हसू नये, एवढीच माझी इच्छा आहे.