चिवला किनारा, मालवण

चिवला किनारा : सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण शहराची पुळण. ‘चिवला बीच’ या नावानेही परिचित. बंदराच्या उत्तरेस, राजकोट किल्ल्याच्या पलीकडे ती अर्धचंद्राकार पसरली आहे. काठाला माडांची रांग व घरे असून समोरच्या समुद्रात ठिकठिकाणी खडक वर आलेले दिसतात. मोठ्या लाटांचा जोर या खडकांवर ओसरत असल्याने पावसाळ्याखेरीज येथील पाणी बहुधा शांत असते. मासेमारी, पोहणे व पर्यटन या शांततेवरच उभे आहे.

येथे रापणीची मासेमारी चालते. होडीतून जाळे अर्धगोलात सोडतात आणि त्याचे दोन्ही दोर काठावरून माणसे हळूहळू ओढतात. जाळे वाळूला लागले की बांगडा, तारली यांसारखी मासळी टोपल्यांत भरली जाते व रापणकारांत वाटे पडतात. डिसेंबरमध्ये याच किनाऱ्यावर राज्यस्तरीय सागरी जलतरण स्पर्धा भरते. तीत विविध वयोगटांतील व दिव्यांग स्पर्धकही भाग घेतात.

स्नॉर्कलिंग व स्कूबा डायव्हिंग मुख्यतः दक्षिणेस, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात होते. छत्रपती शिवाजी महाराजांनी 25 नोव्हेंबर 1664 रोजी कुरटे बेटावर या जलदुर्गाची पायाभरणी केली. 2025 मध्ये तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला. परिसरातील उथळ खडकाळ तळावर प्रवाळ असून त्यांच्या आश्रयाने रंगीत मासे राहतात. पहिल्यांदा पाण्यात उतरणाऱ्याला मार्गदर्शक आधी खुणा शिकवतो : अंगठा व तर्जनीचे वर्तुळ म्हणजे सर्व ठीक, अंगठा वर केला तर पृष्ठभागाकडे चला. डिसेंबर ते फेब्रुवारीत पाणी तुलनेने नितळ असते. पावसाळ्यात जलक्रीडा बंद ठेवतात. शास्त्रशुद्ध प्रशिक्षणासाठी जवळच्या तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा डायव्हिंग प्रशिक्षण संस्था आहे. सर्फिंगला लागणारी ओळीने फुटणारी उंच लाट मात्र या आडोशाच्या पाण्यात सहसा मिळत नाही. त्यासाठी कर्नाटकातील मुल्की प्रसिद्ध आहे.

मालवणचा समुद्र 1987 मध्ये सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. क्षेत्र सु. 29 चौ. किमी. असून सिंधुदुर्ग व पद्मगड या किल्ल्यांभोवतीचा भाग गाभा क्षेत्रात येतो. आपल्या पिढीजात मासेमारीवर निर्बंध येतील या भीतीने स्थानिक मच्छीमारांनी त्याला सातत्याने विरोध केला. दुसरीकडे समुद्राचे वाढते तापमान, होड्यांचे नांगर आणि प्रवाळावर पाय ठेवणारे पर्यटक यांमुळे प्रवाळाला इजा पोहोचते. तापमान वाढले की प्रवाळ आपल्या ऊतींतील शैवाल बाहेर टाकतो व पांढरा पडतो. ही स्थिती टिकल्यास तो मरतो. मासळी आणि पर्यटक दोन्ही याच प्रवाळयुक्त खडकांवर अवलंबून असल्याने या खडकांचे नुकसान रापणकार व डायव्हिंगचा व्यवसाय करणारे या दोघांनाही भोगावे लागते.

सर्वांत सोयीचे रेल्वेस्थानक कुडाळ (सु. 30 किमी.). मालवणजवळ चिपी येथे विमानतळ असून तो 2021 मध्ये सुरू झाला. खडकांच्या जागा व भरती-ओहोटीच्या वेळा नवख्यांना ठाऊक नसल्याने पोहण्यास उतरण्यापूर्वी स्थानिक मच्छीमारांना विचारणे हिताचे ठरते.