व्हेर्दीचा चौथा ट्रॉम्बोन

इटालियन ऑपेराच्या जुन्या स्वरलिपीत तीन ट्रॉम्बोनच्या खाली 'चिंबासो' नावाची आणखी एक ओळ असते. ती कोणत्या वाद्यावर वाजवायची, हे नुसत्या नावावरून ठरत नाही. बेलिनीच्या 'नॉर्मा'च्या (१८३१) काळात हे नाव सर्पंटच्या कुळातल्या, उभ्या धरायच्या लाकडी वाद्याला होते. पुढे ते चाव्यांच्या ऑफिक्लाइडला आणि मग व्हॉल्व्हच्या नाना पितळी वाद्यांना चिकटले. म्हणून निवडीची कसोटी दुसरीच हवी, आणि ती खुद्द व्हेर्दीनेच दिली आहे. २४ डिसेंबर १८७१ रोजी, म्हणजे कैरोत 'आयदा'चा पहिला प्रयोग होत होता त्याच दिवशी, त्याने मिलानच्या प्रयोगासाठी प्रकाशक रिकोर्दीला पत्र लिहिले. मागणी होती ट्रॉम्बोनच्याच घराण्यातल्या बास ट्रॉम्बोनची. ते जमत नसेल तर ऑफिक्लाइड चालेल, पण बॉम्बार्दोन, म्हणजे ट्यूबाचा भाऊबंद, नको, कारण तो इतरांत मिसळत नाही. दहा वर्षांनी मिलानच्या पेलित्तीने व्हेर्दीसाठी ट्रॉम्बोनपेक्षा एक सप्तक खालचे व्हॉल्व्हचे वाद्य घडवले. 'ओतेल्लो' (१८८७) आणि 'फाल्स्ताफ' (१८९३) त्यालाच धरून लिहिले आहेत.

इथे एक आक्षेप रास्त आहे. ऑफिक्लाइडची नळीही ट्यूबासारखीच शंकूच्या आकाराची; मग एकाला होकार आणि दुसऱ्याला नकार का? माझ्या मते व्हेर्दीला नळीच्या भूमितीशी कर्तव्य नव्हते. ऑफिक्लाइडची नळी ट्यूबाच्या मानाने अरुंद, आवाज सडसडीत, त्यामुळे त्या काळच्या बारीक नळीच्या ट्रॉम्बोनखाली तो झाकोळ न आणता बसतो. ट्यूबाचा गोल, पसरट नाद मात्र ट्रॉम्बोनच्या धारदार सुराभोवती धुके करतो. आजचे ट्रॉम्बोन जाड नळीचे झाल्याने ट्यूबा आता खपतो, असेही वादक म्हणतात. यात तथ्य आहे, पण ते भरघोस नादापुरते. चौघांना एकाच वेळी तुटक, कडक स्वर मारायचे असतात तिथे फरक लगेच कानावर येतो.

म्हणून 'ओतेल्लो'ला चिंबासोच हवा. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीत घडत गेलेला, समोर तोंड करणारा आजचा चिंबासो पेलित्तीच्या वाद्याची नक्कल नसला तरी त्याच वळणाचा आहे. 'नाबुक्को'ला (१८४२) मात्र तोही परकाच. तिथे आधी ऑफिक्लाइड शोधावे, आणि न मिळाल्यास लहान नळीचा ट्यूबा घेऊन वादकाला ट्रॉम्बोनच्या रांगेत, त्यांच्याच आवाजाच्या मापाने वाजवायला बसवावे.