बागेखालचं पाणी



माझं माहेर गिरगावचं. लग्न होऊन खरवईला आले तेव्हा सासूबाईंनी पहिली गोष्ट शिकवली ती पाणी गाळायची. दुहेरी फडकं, आणि गाळून झाल्यावर फडक्यातली जिवाणी जपून परत पाण्यात सोडायची. त्यांच्या माहेरी विहीर होती, जिचं पाणी तिलाच परत जायचं. नळाच्या पाण्याची जिवाणी कुठे सोडायची, हा प्रश्न मी विचारला तेव्हा त्या नुसत्याच हसल्या.

गिरगावात आमचं पाणी कुठून येतं, हे मला लग्नानंतर कितीतरी वर्षांनी कळलं. ते यायचं हँगिंग गार्डनच्या खालून!

लहानपणी वाळकेश्वरच्या बाबू अमीचंद पनालाल देरासरात (1904 सालचं, दारातल्या दगडी हत्तींचं) दर्शन झालं की आम्ही मुलं टेकडीवर बागेत पळायचो. 'हँगिंग' म्हणजे नेमकं काय लोंबतंय ते शोधायचो. लोंबत काहीच नसतं. बाग एका प्रचंड टाकीच्या छतावर आहे, म्हणून ती अधांतरी.

1860 मध्ये विहार तलावाचं पाणी नळाने मुंबईत आलं. त्याआधी शहर विहिरी आणि तळ्यांवर जगायचं, उन्हाळ्यात हाल व्हायचे, पटकीने माणसं जायची. विहारही पुरेना म्हणून 1879 मध्ये तुळशी तलाव झाला. हे पाणी साठवायला 1880 च्या दशकात मलबार टेकडीवर टाकी बांधली. टेकडी उंच, म्हणून पाणी आपल्या उताराने गिरगाव, काळबादेवी, फोर्ट, कुलाब्यापर्यंत पोचतं. माझगावला भंडारवाड्याच्या टाकीवरही अशीच बाग आहे. मलबार टेकडीवर जवळच पारशांचे दोखमे आहेत. गिधाडांच्या चोचीतून काही पाण्यात पडू नये म्हणून टाकी झाकली, असं सांगतात. छतावर माती, मातीवर हिरवळ, आणि झुडपं कातरून केलेले प्राणी. तेवढे प्राणी मात्र मला मनापासून आवडतात, पिंजऱ्यात नाहीत ना! बागेला नाव फिरोजशहा मेहतांचं, ज्यांनी मुंबईची महानगरपालिका घडवली. समोरच्या कमला नेहरू पार्कातला म्हातारीचा बूट बागेच्या मानाने अगदी अलीकडचा.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग 2023 मध्ये बातमी आली की 14.7 कोटी लिटरची ही टाकी जुनी झाली, पाडून मोठी बांधायची. त्यासाठी 389 झाडांवर संकट आणि बाग कित्येक वर्षं बंद. मला आठवतंय, मी ती बातमी सासूबाईंना वाचून दाखवली. आपल्याकडे झाडही जीव आणि पाणीही जीव. आणि टाकी खरंच कोसळली तर खालच्या लाखो घरांचं काय? माझ्या वहिनीचं घर त्यातच. "मग आधी नीट बघा तरी खाली उतरून," एवढंच सासूबाई म्हणाल्या.

झालंही तसंच. परिसरातले रहिवासी उभे राहिले, तज्ज्ञांची समिती नेमली गेली. टाकीचा एकेक कप्पा रिकामा करून माणसं आत उतरली. त्या दिवसांत दक्षिण मुंबईत पाणीकपात झाली. वहिनी फोनवर कुरकुरली, पण बादल्या भरून ठेवून तिनेही निभावलं. समितीतल्या बहुतेकांचं मत पडलं की पाडायची गरज नाही, दुरुस्तीने भागेल. पुढे 2024 मध्ये पुनर्बांधणीचा बेत मागे पडला.

यंदा पर्युषणानंतर सासूबाईंना घेऊन गेले. बदलापूरहून दादर, तिथून गाडी बदलून चर्नी रोड, पुढे टॅक्सी. देरासरात दर्शन झालं, मग बागेत. चौविहार असल्यामुळे सूर्य बुडायच्या आत डबा संपवायचा होता, म्हणून हिरवळीशेजारच्या बाकावरच बसलो. सासूबाईंनी बाटलीतलं उकाळलेलं पाणी प्यायलं, उरलेलं जवळच्या झाडाच्या बुंध्याशी ओतलं आणि विचारलं, "हे खाली टाकीत जात नसेल ना गं?"

"नाही हो," मी म्हटलं.

"बरं," म्हणाल्या आणि डबा बांधायला लागल्या.